गेटवरचा टॉवेल

"जाताना माझ्या गेटला टॉवेल बांध," शेजारची वेल्मा म्हणाली.

"पण तुम्ही तर अजून घरातच आहात, आजी!"

शरयूच्या कडेवर इला होती. दोन वर्षांची, धुरानं डोळे चोळणारी. नवरा केदार सकाळीच गाडी घेऊन सांता क्लाराच्या ऑफिसला गेला होता. दुपारी डोंगर पेटला, फोनची रेंज गेली, आणि डोंगरावरच्या टिंबर गल्च गावातून खाली उतरणारा रस्ता एकच.

या गावची रीत शरयूला चार महिन्यांत पाठ झाली होती. गेटवर पांढरा टॉवेल म्हणजे घर रिकामं. आग विझवणारे मग तिथे थांबत नाहीत, पुढच्या घराकडे धावतात. स्वतःच्या गेटला तिनं मघाशीच बांधला होता.

"वॉकर घेऊन गेटशी गाठी मारत बसू का मी? वॉल्ट येईल मला न्यायला. उगाच ती बंबवाली पोरं माझ्या घरापाशी खोळंबायला नकोत." वेल्मानं आपल्या जुन्या पिकअप ट्रकची किल्ली पुढे केली. "सीट दोनच. एक तुझी, एक माझ्या राजकन्येची."

"तिला मांडीवर घ्या. तिघी जाऊ."

"आणि मला वर चढवायला क्रेन कुठून आणतेस? खुब्याच्या ऑपरेशनला महिना नाही झाला, हनी. वॉल्टचं बरंय, त्याच्याकडे चढउतार नाही."

वॉल्टला शरयूनं कधी पाहिलं नव्हतं. नाव मात्र रोज कानावर पडायचं. वॉल्टला सूपमध्ये मीठ जास्त लागतं. वॉल्ट चर्चच्या मागे राहतो. दर रविवारी मीच जाते, तो कुठला येतोय!

"नक्की येईल ना?"

"तो कधीचा वाट बघतोय माझी."

वेल्मानं टेबलावरची जाड वही ओढली. सोन्याची खाण, लाकडाची गिरणी, बंद पडलेली शाळा, प्रत्येक जन्म, प्रत्येक मरण. पन्नास वर्षं गावाची नोंद ती हातानं लिहीत होती. शरयूचं बिऱ्हाड आलं त्या दिवशी तिनं लिहिलं होतं, 'इला आली. गावात आता मुलं सात.'

"थांब, आजचं राहिलंय." तिनं भराभर दोन ओळी लिहिल्या, शाईवर फुंकर मारली. "ही जळायला नको. खाली पोचलीस की उघड."

"बाय, वेल्मा आजी," इला म्हणाली.

वेल्मानं तिची पावलं मुठीत धरली आणि जरा जास्तच वेळ सोडली नाहीत.

वारा सुटला होता. शरयूनं टॉवेलला दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या. मग तो रस्ता. काचेवर ठिणग्या आपटत होत्या, ती इलाला गाणं म्हणून दाखवत होती आणि शब्द चुकत होते.

खालच्या गावात शाळेच्या हॉलमध्ये माणसं दाटली होती. काळवंडलेल्या चेहऱ्याचा अग्निशमन दलाचा कॅप्टन आत आला.

"रस्ता बंद झालाय. पण वर कुणी राहिलं नाही. शेवटच्या गल्लीत प्रत्येक गेटला टॉवेल होता."

टाळ्या पडल्या. शरयूनंही वाजवल्या. इला तिच्या खांद्यावर झोपली होती. दाराकडे डोळे लावून, वॉल्टच्या गाडीची वाट बघत तिनं एका हातानं वही उघडली. शेवटचं पान.

'आज मोठी आग. मुलं सात, सगळी सुखरूप. मृत्यू एक: वेल्मा हॅन्सन, वय ब्याऐंशी. जागा चर्चच्या मागे, नवरा वॉल्टच्या कबरीशेजारी, एकोणीस वर्षांपासून राखलेली.'