बाबांचा फेरफटका

२०२०च्या ऑक्टोबरात मेलबर्नला लॉकडाउन होता, देशाबाहेर जायला बंदी होती. स्वप्नाचे बाबा व्हिएन्नात तिच्या दादाकडे अडकले होते आणि त्यांना कोविड झाला होता.

"कोविडमधून बरे झालेत गं आता. घसा पार बसलाय त्यांचा, बोलवत नाही. पण फिरायला जातात रोज," असं म्हणून दादा व्हिडिओ पाठवायचा. तिथल्या अडीचशे वर्षं जुन्या बागेत बाबा काठी टेकत चालत असायचे, डोक्यावर फुलांनी लगडलेली चेस्टनटची झाडं. पंधरा दिवस ते बघून स्वप्नाचा जीव भांड्यात पडायचा.

आज मेलबर्नमधल्या पॉइंट कुकच्या तिच्या घरासमोरची झाडं बहरलेली दिसली, तसं तिने टाइप केलं, "दादा, आमच्याकडेही वसंत आला बघ!"

पाठवता पाठवता तिचा अंगठा थबकला.



युरोपात आत्ता पानगळ असते.