नावाने हाक

"कुमुदिनी!" खालच्या रस्त्यावरून कालचाच पुरुषी आवाज आला.

बायकोच्या नोकरीपायी डेन्मार्कला आलेले यशवंतराव खिडकीकडे धावले. एक उंचापुरा, सोनेरी केसांचा सायकलस्वार हात हलवत होता आणि दारात उभी त्यांची बायको हसत होती. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. भुसावळच्या शाळेत सगळे तिला 'बाई' म्हणत. खुद्द त्यांनीही तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. सगळा संसार 'अगं'वर निभावला होता. मग हा कोण टिकोजीराव?

दुसऱ्या दिवशी ते गुपचूप तिच्या शाळेच्या फाटकाआड उभे राहिले. शाळा सुटली. "बाय, कुमुदिनी!" चिमुरडी पोरं ओरडली. त्यांच्या मागून पाठीला दप्तर लावलेला तो सायकलवालाही ओरडला; तोही वरच्या वर्गातला विद्यार्थीच निघाला. बाकीच्या शिक्षकांनाही पोरं नावानेच हाका मारत होती. इथली रीतच ती.

अख्ख्या शाळेच्या तोंडी तिचं नाव होतं. नव्हतं ते फक्त त्यांच्या.

संध्याकाळी त्यांनी घसा खाकरला. "कुमुदिनी, चहा घेतेस?"

ती ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली आणि त्यांना नखशिखांत न्याहाळत म्हणाली, "अहो, खरं सांगा. काय करून बसलात?"