पिंप आणि टायर

“आज पिंप टायरात बसलं नाही, तर उद्या घरची गाडी धरा,” हेलिकॉप्टर उडवायला शिकवणारे साहेब वायरलेसवर बाईंना म्हणाले.

“काका, टायर धरून बसा. मला बघून पळतो तो,” हेलिकॉप्टरमधून बाई मला म्हणाल्या. मी खाली मैदानात, जमिनीवर आडव्या टाकलेल्या टायराशेजारी उभा होतो.

हेलिकॉप्टरखाली दीडशे फूट दोर आणि दोराला पाण्यानं भरलेलं पिंप. ते झोके घेऊ लागलं. रोज बाई त्याला उलटं खेचायच्या आणि झोका वाढायचा. आज पिंप गेलं तिकडेच त्यांनी हेलिकॉप्टर नेलं, बरोबर त्याच्या डोक्यावर. पिंप निमूट झालं आणि खाली येऊ लागलं.

चाळीस वर्षं मी क्रेनखाली ओझी उतरवली. आदळल्याशिवाय एकही टेकलं नव्हतं.

“बसलं का?” साहेबांनी दोनदा विचारलं.

“बसलं,” मी म्हटलं, “पण कधी, ते समोर उभा असून मला कळलं नाही.”