पुरुषांची पट्टी

"या गाण्याची पट्टी पुरुषांची आहे गं," मेथी निवडता निवडता चैत्रालीची आई म्हणाली. "त्या पोरीचा गळा ताणताय उगाच."

शनिवारी, अमेरिकेतल्या कॅरी गावात, चैत्रालीच्या घरच्या गॅरेजमध्ये पाचजणींची तालीम चालली होती. मेक्सिकोची ‘मारियाची’ नावाची पारंपरिक गाणी आजवर पुरुषांनीच गाजवलेली. ती आपण आपल्या तोंडून गायची, हा या पाचजणींचा हट्ट. चैत्राली व्हायोलिनवर होती. मारिसोल गात होती. खालच्या सप्तकात गायलं की तिचा आवाज बुडायचा आणि वरच्या सप्तकात गायलं की तिला ओरडावं लागायचं.

"तुझी आई काय म्हणतेय?" मारिसोलने इंग्रजीत विचारलं.

"तिला आवडलं," चैत्राली म्हणाली. पट्टी बदलायची तर सगळं नव्याने बसवावं लागलं असतं, आणि कार्यक्रम महिन्यावर आला होता.

आईला इंग्रजी चांगलं कळायचं. तिने लेकीकडे एकदा पाहिलं आणि पुढची जुडी सोडली. संध्याकाळी तिने त्या मेथीचे पराठे केले. चैत्रालीने ते लॅपटॉपसमोर बसून खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

दिवसकार्य झालं. नागपूरहून मावशीचा फोन आला. "काय गायची गं शोभा, तुझी आई. भावगीतांच्या मंडळात होती. पण पेटीवाले आपल्या पुरुष गायकांची पट्टी सोडायचे नाहीत. हिला पेलेना. मग आवाजच गेला तिचा."

आवाज गेला, हे घरात सगळेच म्हणत. चैत्रालीही लहानपणापासून तेच म्हणत आली होती.

पुढच्या तालमीत मारिसोल मध्येच थांबली. "मला नाही जमत. माझा आवाज गेलाय बहुतेक. हे गाणं माझ्या भावाला गाऊ द्या."

"त्याला आपला स्कर्ट होईल का?" ट्रंपेटवाली लूपे म्हणाली.

चैत्रालीने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि सुरुवातीचा तुकडा दुसऱ्याच सुरावरून काढला. बोट न ठेवता वाजणाऱ्या मोकळ्या तारा या पट्टीत कामी येईनात. बोटं अडखळली. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकली. मग पुन्हा.

"हे गाणं या पट्टीत कुणी वाजवत नाही," लूपे म्हणाली. "ट्रंपेटवर भयंकर अवघड जाईल."

"जाऊ दे अवघड. शिकू आपण," चैत्राली म्हणाली.

चौथ्या वेळी तुकडा बसला. मारिसोल आधी नुसतीच गुणगुणली, मग तिने शब्द धरले. खालचा सूर भरून आला. वर जाताना तिला ओरडावं लागलं नाही. लूपेने तोंडाशी नेलेलं ट्रंपेट तसंच खाली घेतलं आणि ऐकत राहिली.

गाणं संपलं. मारिसोलने गळ्यावर हात ठेवला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"आईने. त्या शनिवारी ती हेच म्हणाली होती." चैत्रालीने व्हायोलिन खाली घेतलं. तिचा स्वर स्थिर होता. "आमच्या घरी सगळे म्हणायचे, तिचा आवाज गेला. मीही म्हणायचे. तिचा आवाज कधी गेलाच नव्हता."