सहानुभूतीचा सराव

"पोरी, बाहेर जाऊन कुणाला तरी हाक मार. मला बाथरूमला जायचंय," डोरीन अक्रॉइड म्हणाली.

शेजारी बसलेल्या फिलिपाने मान किंचित तिरकी केली. सोमवारी तिची मेडिकल कॉलेजची मुलाखत होती. म्हाताऱ्या माणसांची सेवा केली, एवढं सांगून तिथे भागत नाही, मनाला भिडलेला एखादा प्रसंगही लागतो. त्यासाठी ती दर शनिवारी या वृद्धाश्रमात येऊन गप्पा मारायची. प्रसंग अजून हाती लागला नव्हता.

"म्हणजे तुम्हाला आत्ता बाथरूमला जायची गरज वाटतेय," ती हळुवारपणे म्हणाली.

"वाटतेय कसली, लागलीय मला! केव्हाची बेल दाबलीय, कुणी फिरकत नाहीये. या खुब्याच्या ऑपरेशनपासून एकटीला उठता येत नाही मला."

"आणि कुणीच येत नाही म्हणून तुम्हाला राग येतोय."

पोरगी थट्टा करतेय, असं डोरीनला आधी वाटलं. पण छे! मुलाखतीच्या क्लासात घोटून घेतलेलं ती मन लावून म्हणत होती. समोरच्याचं बोलणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, त्याच्या भावनेला नाव द्यायचं, मध्येच उठायचं नाही आणि उपाय सुचवायची घाई तर मुळीच करायची नाही. हल्ली असल्या क्लासांचा धंदा जोरात आहे. तिथे तयार झालेली पोरं तुमच्यासाठी रडतीलसुद्धा, पण खुर्चीवरून उठणार नाहीत.

"राग गेला खड्ड्यात! दार उघड आणि ओरड."

"मी ऐकतेय, मिसेस अक्रॉइड." फिलिपाने खुर्ची पुढे ओढली आणि तिचा हात हातात घेतला. त्या मऊ, क्रीम लावलेल्या हाताची डोरीनला किळस आली.

"अगं, तुला मला उचलायची परवानगी नाही, ठाऊक आहे मला. उचल म्हणतच नाहीये मी. नुसती हाक मार. पाया पडते तुझ्या."

फिलिपाचे डोळे भरून आले. "अशा वेळी किती असहाय वाटत असेल," ती म्हणाली आणि गप्प बसली. गप्प बसायलाही क्लासात शिकवलं होतं.

ती गप्प बसलेली असतानाच डोरीनचं खुर्चीत झालं. मांड्यांखाली गरम ओल पसरली. तिने स्वेटर ओढून झाकायचा प्रयत्न केला, पण वास कुठे झाकला जातो? फिलिपाचं नाक आकसलं. तरी तिने हात सोडला नाही, उलट हलकेच दाबला.

डोरीनने हात हिसडून घेतला. "शी! चालती हो इथून."

"तुम्हाला आता सगळेच नकोसे झालेत."

दार उघडून सेविका शेरिल आत आली. मजल्यावर आज ती एकटीच कामाला होती. तिने खुर्चीखाली पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा, डोरीन! मी शेजारच्याच खोलीत होते गं. कुणी येऊन सांगायचं तरी!"

डोरीनने तोंड भिंतीकडे फिरवलं. फिलिपा उठून उभी राहिली. डोळे अजून ओले होते, पण चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"मी त्यांना एक क्षणही एकटं सोडलं नाही," ती म्हणाली.