पाहुणा रानात

शेंद्र्याच्या कारखान्यात आलेल्या जर्मन इंजिनिअरनं करमाडला साहेबरावांच्या शेतात तंबू ठोकला. "आमच्याकडं सुट्टीत असंच राहतात. एकटं, माणसांपासून लांब," तो मोडक्या मराठीत म्हणाला.

साहेबरावांचा जीव टांगणीला लागला. घर असताना पाहुणा रानात झोपवला, तर गाव तोंडात शेण घालंल. त्यांनी तंबूला खेटून आपली बाज टाकली. "एकट्याला कसं करमंल?" म्हणत त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी तिथंच चूल मांडली. मागोमाग भावकी आली, पेटी-तबल्यासकट भजनी मंडळ आलं आणि तिसऱ्या दिवशी अर्धं करमाड तंबूभोवती मुक्कामाला होतं.

पाहुण्यानं हात जोडले. "साहेबराव, तुमच्या घरी आता कोण आहे?"

"कुणीच नाय. समदे इथंच की."

"मग चावी द्या. मला कॅम्पिंगला जायचंय."