बंद उत्तरांची बेरीज

“एकेकीचं उत्तर उघडून दाखव,” रणजित सर म्हणाले. “प्रोग्रॅम तूच लिहिलायस ना?”

“हो, सर. पण किल्लीचे चौदा तुकडे आहेत, एकेकीकडे एकेक. माझ्याकडे फक्त माझा,” तेजस्विनी म्हणाली.

खराडीच्या त्या ऑफिसात रणजित सरांचा शब्द शेवटचा. केबिनमध्ये बोलावून ते लगट करायचे. तेजस्विनीवरही तो प्रसंग आला. तिने एचआरच्या मंदाकिनी मॅडमकडे तक्रार नेली, तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं होतं, “आणखी कोणी आहे? एकटीचं कोण ऐकणार?” तिने मैत्रिणींना विचारून पाहिलं. सगळ्यांनी विषय बदलला. नोकरी प्रत्येकीला हवी होती.

तेजस्विनीचं कामच होमोमॉर्फिक एन्क्रिप्शनचं. म्हणजे कुलूपबंद आकडे न उघडता त्यांची बेरीज करायची. रुग्णालयांच्या माहितीसाठी ती जे गणित रोज वापरायची, तेच इथे लावायचं तिने ठरवलं. मुख्य कार्यालयाचा पिच्छा पुरवून परवानगी आणली. मंदाकिनी मॅडम धरून ऑफिसातल्या सगळ्या बायकांना एकच प्रश्न होता: रणजित सरांनी तुमच्याशी लगट केली आहे का? हो म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. उत्तर जिच्या तिच्या फोनवरच कुलूपबंद होणार. किल्लीचे सगळे तुकडे जुळले की उघडणार ती फक्त बेरीज.

धोका तिला ठाऊक होता. बेरीज एक आली, तर ती एक कोण हे ओळखायला गणित लागणार नव्हतं. तरी तिने ‘हो’ दाबलं होतं.

“उघड मग तुझी बेरीज,” सर हसत म्हणाले. “होऊन जाऊ दे.”

मीटिंग रूममध्ये एकेकीने फोन काढून आपला तुकडा पाठवला. सगळ्यांत शेवटी मंदाकिनी मॅडमनी. पडद्यावर आकडा उमटला.

चौदा.

सरांचं हसू तिथेच विरलं. मग नुकतीच रुजू झालेली शेफाली हळूच म्हणाली, “पण आपण आहोतच चौदा जणी.”

गणिताने एकही उत्तर फोडलं नव्हतं, आणि तरी आता लपलेलं एकही उरलं नव्हतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीकडे वळल्या.

मंदाकिनी मॅडम उठून उभ्या राहिल्या.

“तेजस्विनी, तक्रार लिहायला घे,” त्या म्हणाल्या. “पहिलं नाव माझं घाल.”